लोणंद ते पंढरपूर : नऊ दिवस आणि एक तक्रार

दिवस पहिला : लोणंद ते तरडगाव

लोणंदला गाडी थांबली आणि निम्मा डबा रिकामा झाला. फलाटावरच कुणीतरी ‘पुंडलिक वरदे’ची आरोळी ठोकली. एका खांद्यावर पिशवी आणि हातात सासूबाईंचे टाळ घेऊन मी गर्दीबरोबर बाहेर पडले. टाळ मुद्दाम हातात धरले होते. पिशवीत टाकले की चालताना ते किणकिणत राहतात, आणि गेले चार महिने मला कुठलाही बारीक, सततचा आवाज सोसत नव्हता.

का, ते आधीच सांगते. मी एका पतसंस्थेच्या कर्जवसुली विभागात आहे. हप्ते थकलेल्यांना फोन करायचे, आठवण द्यायची, पुन्हा फोन करायचे. दिवसाला साठ-सत्तर फोन होतात. मार्चअखेरीला त्याचे शंभर होतात. यंदाच्या मार्चमध्ये पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका कर्जदाराला मी लागोपाठ दहा दिवस फोन केला. अकराव्या दिवशी त्याच्या बायकोने उचलला. म्हणाली, “ताई, ते दवाखान्यात आहेत. छातीत दुखायला लागलं. तुमचा नंबर दिसला की त्यांचे हात कापायचे.” एवढंच बोलली. भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून रात्री तीनला जाग यायला लागली. छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांकडे गेले तर रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांनी गोळी सुरू केली आणि ती मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. गोळीने रक्तदाब उतरला, तीनची जाग तशीच राहिली. गिरणीवाल्याचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पण सासूबाई शेजारच्या खोलीत झोपतात, त्यांना माझं रात्रीचं उठणं-बसणं ऐकू जात असणार. वीसेक वाऱ्या केलेली बाई. गुडघ्यांनी अडवलं म्हणून घरी बसलेली. जूनच्या सुरुवातीला त्यांनी कपाटातून टाळ काढले, चिंचेने घासले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, “सगळी नाही तर अर्धी चालून ये. मी सांगून ठेवते त्याला.” शेजारच्या मुलाला निरोप द्यावा, तसं म्हणाल्या.

हडपसरला आमच्या घराजवळून दोन्ही पालख्या जातात. तिथेच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची दिवे घाटाकडे वळते. इतकी वर्षं मी पाणी आणि केळी वाटायला रस्त्याच्या कडेला उभी राहिले. रस्त्यात पाऊल टाकलं ते यंदा. रजा नऊ-दहा दिवसांचीच मिळाली, म्हणून आळंदीपासून न जाता लोणंदला गाठलं. नणंदेच्या गावची दिंडी रथामागे चालते. तिच्या ओळखीने भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली आणि दिंडीच्या ट्रकमध्ये माझी वळकटी गेली.

लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान, आठेक किलोमीटरचा. वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण झालं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहिल्या आणि मधून दोन घोडे भरधाव गेले. एकावर स्वार होता, दुसऱ्याची पाठ रिकामी. त्या रिकाम्या पाठीवर माउली बसलेले असतात, असं मानतात. मला मागून फक्त टापांचा आवाज आला आणि लोकांचे हात वर गेलेले दिसले.

तंबूत माझ्या उजवीकडे बार्शीकडच्या एक आक्का होत्या. वय पासष्टच्या पुढे, कपाळाला बुक्का, तळपायाच्या भेगांत तेल. दिवा मालवल्यावर त्या बोलायला लागल्या. मला वाटलं मोबाइल लावलाय. “आज पाय लई दुखला बघ. उद्या जरा ढग धर. आन् धाकट्याचं काय करतोस ते कर, मी सारखं सारखं सांगायची न्हाई.” मग घोंगडी ओढली आणि झोपल्या. मोबाइल त्यांच्याकडे नव्हताच.

दिवस दुसरा : तरडगाव ते फलटण

तीनला जाग आली. नेहमीसारखी, छातीवरच्या त्या वजनासकट. डोळे उघडले तर सगळा तंबू जागा. कुणी केस विंचरतंय, कुणी लुगडं नेसतंय, बाहेर पाण्याच्या टँकरपाशी बादल्या वाजतायत. दिंडीत उठायची वेळच तीनची असते. चार महिने ज्या वेळेला मी एकटी जागी असायचे, त्या वेळेला माझ्याभोवती एकोणीस बायका जाग्या होत्या. एकीने तर न विचारता माझ्या हातात दंतमंजन ठेवलं.

आजचा पल्ला एकवीस किलोमीटरचा. दुपारनंतर माझे पाय बोलायला लागले. रस्त्याकडेला गावातली पोरं वारकऱ्यांचे पाय चोळून देत होती, एक चर्मकार तुटलेल्या चपला फुकट शिवत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “बसा माउली.” या वाटेवर सगळेच सगळ्यांना माउली म्हणतात, पोलीससुद्धा. ज्ञानेश्वरांना आई म्हणायचं आणि मग समोर दिसेल त्यालाही तेच म्हणायचं, हे ऐकून माहीत होतं. स्वतःला ती हाक आली तेव्हा मात्र घसा दाटून आला. कामाच्या जागी लोक मला काय काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही.

फलटणला तळ विमानतळाच्या मैदानावर पडतो. तिथे संध्याकाळी समाजआरती पाहिली. काल पाय धरून तंबूत बसले होते, म्हणून हुकली होती. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझी वारी खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली.

पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ, मृदंग, वीणा, सगळं एकाच वेळी वाजत असतं. आवाज इतका, की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही. मग चोपदार चांदीचा चोप वर धरतो आणि ‘हो’ असा पुकारा करतो. त्या क्षणी सगळं थांबतं. लाखभर माणसं आणि पताकांच्या कापडाची फडफड ऐकू येते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली, तर ती दिंडी थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात, काय झालं विचारतात, निवाडा करतात आणि तेव्हा कुठे ते टाळ शांत होतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

त्या संध्याकाळी एक दिंडी वाजत राहिली. आमच्यापासून बरीच लांब. सगळं मैदान गप्प आणि त्या शांततेत तेवढे दहा-पंधरा टाळ. कुणी त्यांना गप्प बसा म्हणालं नाही. कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. आरती थांबली होती, माउलींची पालखी थांबली होती, कुणाची तरी तक्रार ऐकायची होती म्हणून. मी आक्कांना विचारलं, “काय झालं असेल?” त्या म्हणाल्या, “काय का असंना. वाजवलं तर कळणार ना!”

मी हातातल्या टाळांकडे पाहिलं. दिवसभरात ते मी एकदाही वाजवले नव्हते.

दिवस तिसरा : फलटण ते बरड

ऊन, घाम, टाचेला फोड. फलटणच्या राममंदिरात पहाटे पाया पडून निघालो होतो, बाकी दिवसाचं फारसं आठवत नाही. बरडला रात्री कीर्तन झालं. महाराज नामदेवांच्या रुसण्याबद्दल बोलले, मग जनाबाईंबद्दल. दळण-कांडण करणारी, नामदेवांच्या घरची दासी. आणि ती थेट विठ्ठलाला नावं ठेवते, खडसावते, वेळेला शिव्यासुद्धा देते. हे सगळं तिच्या अभंगांत आहे आणि सातशे वर्षं आपण ते टाळ-मृदंगावर म्हणत आलो आहोत. महाराज विचारत होते, ज्याला आपण काही बोलूच शकत नाही, तो आपला कसा?

माझा देव कसा होता, याचा मी तेव्हा प्रथमच विचार केला. देवघरात दिवा लावायचा, हात जोडायचे, मुलाच्या परीक्षेआधी नारळ बोलायचा. साहेबांशी वागावं तसं मी त्याच्याशी वागत आले होते. नीट कपडे, नीट शब्द आणि काम झालं की बाहेर.

दिवस चौथा : बरड ते नातेपुते

धर्मपुरीला पालखी सातारा जिल्हा सोडून सोलापूर जिल्ह्यात येते. स्वागताच्या कमानी, रांगोळ्या, तोफांसारखे फटाके. पाऊस आला तो त्याच सुमाराला, सरळ उभा. सगळ्यांनी प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेतले आणि चाल तशीच ठेवली. शेतकरी माणसं, पावसाला नावं ठेवत नाहीत. आमच्या दिंडीतले बहुतेक जण पेरणी उरकून आले होते आणि ज्यांची राहिली होती ते सारखे आभाळाकडे बघत होते. आक्कांची सोयाबीनची पेरणी झाली होती, चार एकरांत. बियाणं उधार आणलेलं, पीककर्ज वेगळं.

“तू काय करतीस गं?” त्यांनी विचारलं.

“ऑफिसात असते,” मी म्हणाले.

पाऊस थांबल्यावर त्या आपणहून सांगायला लागल्या. गेल्या वर्षी ट्रॅक्टरचा हप्ता थकला होता, थोरल्याच्या नावावर. “एक बाई फोन करायची. रोज. सकाळी धा वाजलं की आलाच. मी फोनला हातच लावायची न्हाई, नातवाला द्यायची. त्यो सहावीत हाय. त्यो म्हणायचा, आजी घरी न्हाई. लेकराला खोटं बोलाय लावलं मी.”

पुढचे दोन-तीन किलोमीटर मी काही बोलले नाही. पुढे विणेकरी बुवांची काळी टोपी दिसत होती, तिच्यावर नजर ठेवून चालत राहिले. त्या फोनवरची बाई मी नव्हते. पण कुठल्या तरी घरातल्या सहावीतल्या मुलाने मलाही ‘आजी घरी नाही’ म्हणून सांगितलंच असणार. शेवटी मी म्हणाले, “आक्का, मी तसलेच फोन करते. तेच माझं काम.” आणि मग गिरणीवाल्याचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ओल्या रस्त्यावर, ओल्या कपड्यांत.

आक्का थांबल्या. मला वाटलं, आता एक तर बोलणं सोडतील, नाहीतर पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मग मला कशापायी सांगतीस? मी काय त्या गिरणीवाल्याची कोण लागते? त्याला सांग.” हाताने पुढे दाखवलं, पंढरपूर ज्या दिशेला आहे तिकडे.

दिवस पाचवा : नातेपुते ते माळशिरस

आज सदाशिवनगरला पहिलं गोल रिंगण. मैदानाच्या मधोमध पालखी आणि तिच्याभोवती माणसांची वर्तुळं. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मग विणेकरी, पखवाजवाले. आक्का तुळशीवाल्यांत धावल्या! डोक्यावरचं वृंदावन एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने निऱ्या उचलल्या आणि पोरीसारख्या पळाल्या. शेवटी घोडे. हे घोडे बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात, शितोळे सरदारांकडून. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२च्या सुमारास या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा मान आहे. हैबतबाबा स्वतः शिंद्यांच्या पदरी होते. दिंड्यांचे क्रम, चोपदार, मुक्काम या सगळ्यांत एखाद्या लष्कराची आखणी दिसते, ती तिथून आलेली.

मी कडेला, दोरीपाशी होते. रिकाम्या पाठीचा घोडा माझ्यापासून चार हातांवरून गेला. मानेवरची आयाळ घामाने चिकटलेली, नाकपुड्या लाल, तोंडाला फेस. एका डोळ्याचा पांढरा भाग दिसला. मग मातीचा एक लोट तोंडावर आला आणि आजूबाजूची माणसं खाली वाकली, टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला. मीही लावली. ओठांवरची आत गेली, खारट लागली.

आक्कांनी सांगितल्याप्रमाणे त्या रात्री मी बोलायचा प्रयत्न केला. तंबूबाहेर, ट्रकच्या चाकाला टेकून. ‘हे पांडुरंगा, माझ्या हातून कळत-नकळत जे अपराध घडले असतील...’ इतकं झालं आणि पुढे शब्द येईनात. आपणच लिहिलेलं पत्र आपण वाचतोय, असं वाटत होतं. आक्का पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या, त्यांनी ऐकलं. “अगं, अर्ज लिहितीस का काय?” एवढं म्हणून त्या आत गेल्या.

तीनला जाग आलीच. टँकर आला होता.

दिवस सहावा : माळशिरस ते वेळापूर

सकाळी खुडूस फाट्याला दुसरं गोल रिंगण झालं. त्याचं वर्णन पुन्हा करत नाही. सांगायचं आहे ते दुपारनंतरचं.

वेळापूरच्या अलीकडे एक उंचवटा आहे. तुकाराम महाराजांना म्हणे इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते तिथून धावत सुटले. म्हणून आजही या उतारावर वारकरी धावतात. याला धावा म्हणतात. पालखी वर आली, दिंड्या थबकल्या आणि मग पुढून ‘माउली, माउली’चा एक गजर लाटेसारखा मागे आला. आमचीही दिंडी सुटली. म्हातारे धावत होते, पोटुशी सून धावत होती, पखवाज गळ्यात घेतलेला पोरगा वाजवत वाजवत धावत होता.

मीही धावले. पायाला तीन फोड होते, ते विसरले. हातातले टाळ आपोआप वाजायला लागले, बेताल, नुसते एकमेकांवर आपटत. आणि तोंडातून एकदम निघालं, “तू बघत होतास ना?”

‘आपण’ नाही, ‘प्रभू’ नाही. तू. मला स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला, पण थांबता येईना. मी धावत धावत, मोठ्याने, त्याच्याशी भांडत होते. तू बघत होतास ना मी फोन लावत होते तेव्हा? दहा दिवस? एकदा तरी लाइन तोडायची होतीस. माझ्या मुलाची फी भरायची होती, तुला माहीत होतं. त्याच्या गिरणीचा पट्टा तुटला होता, तेही तुला माहीत होतं. आम्हा दोघांनाही एकाच फोनवर आणून कशाला ठेवलंस? तो मेला असता तर? सांग ना, मेला असता तर मी काय केलं असतं? मग आवाज फुटला. मला त्याची माफी मागायची आहे रे. मला त्याच्या दारात जायचं धाडस होत नाही. तूच जा. त्याला तूच सांग. आणि मला झोप दे.

आजूबाजूला कुणी वळून पाहिलं नाही. तिथे जो तो आपल्या आईला हाका मारत होता. माझ्यापुढचा एक मिशाळ, धिप्पाड गडी ‘विठाई गं’ म्हणत लहान मुलासारखा रडत होता.

उतार संपला. मी रस्त्याकडेला बाभळीखाली बसले. उत्तर आलं, असं मी म्हणणार नाही. कुठला आवाज ऐकू आला नाही, प्रकाश दिसला नाही. एक गोष्ट मात्र जाणवली आणि ती अगदी शरीराची होती. माझी दातखीळ सुटली होती. चार महिने वरचे दात खालच्या दातांवर आवळलेले असायचे, सकाळी उठल्यावर कानशिलं दुखायची. बाभळीखाली बसल्यावर लक्षात आलं की जबडा सैल पडलाय आणि खालचा ओठ लोंबतोय, झोपलेल्या बाळासारखा.

छातीवरचं वजन जाऊन कुठे गेलं, ते मला माहीत आहे. ते त्याच्याकडे गेलं. हे मी शब्दशः म्हणते आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी असं समजावं, की मी एक गोष्ट चार महिने एकटीने उचलली होती आणि त्या उतारावर दुसऱ्या कुणीतरी तिचं दुसरं टोक धरलं. ज्याने धरलं त्याला मी ओळखते.

वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं जुनं देऊळ आहे, ते बघायचं राहिलं. जेवण करून आडवी झाले ती आक्कांनी हलवून उठवलं तेव्हाच जागी झाले. “अगं ऊठ, तीन वाजून गेलं. पाणी संपंल.”

दिवस सातवा : वेळापूर ते भंडीशेगाव

सकाळी नेहमीची गोळी घेतली. ती घेत राहीनच, डॉक्टरांना तसा शब्द दिलाय आणि तो मोडायचं कारण मला दिसत नाही. त्याच्याशी बोलायला लागले म्हणून रक्तदाब मोजणं थांबवायचं, असा काही त्याचा हट्ट नाही.

आज दिवसभर बोलत होते. भांडण कालच संपलं होतं. मग साधंच काहीबाही. हा ऊस बघ किती वाढलाय. माझ्या आईची आठवण येते रे. त्या पोलीस मुलीच्या पायात बूट घट्ट दिसतायत, तिला बसायला सांग कुणाला तरी. मध्येच गप्प. मध्येच हरिपाठ. शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलावं तसं, आणि त्यात गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही, तसं. एका क्षणी माझ्या ध्यानात आलं की आपण आता त्याला ‘तू’ म्हणताना थबकत नाही.

ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगण झालं. तोंडले-बोंडल्याच्या उतारावर पुन्हा धावलो. मग ‘टप्पा’ नावाच्या ठिकाणी ज्ञानेश्वरांची आणि सोपानदेवांची पालखी समोरासमोर आली. थोरला भाऊ आळंदीहून आलेला, धाकटा सासवडहून, वेगळ्या वाटेने. दोन्ही रथ जवळ आणतात, मानकरी एकमेकांना नारळ देतात. एवढाच विधी. पण आजूबाजूच्या बायका माहेरी भाऊ भेटल्यासारख्या डोळे पुसत होत्या. सातशे वर्षांपूर्वी आई-बापाविना पोरकी झालेली चार भावंडं, वाळीत टाकलेली. त्यांच्या भेटीत आपापल्या घरचं कुणी ना कुणी प्रत्येकीला दिसत असणार. मी माझ्या भावाला फोन लावला. जमिनीच्या वाटणीवरून दीड वर्ष आम्ही बोललो नव्हतो. त्याने उचलला. “कुठे आहेस? एवढा गोंगाट कसला?” म्हणाला. “टाळ वाजतायत,” मी म्हणाले. जमिनीचं काही बोललो नाही.

दिवस आठवा : भंडीशेगाव ते वाखरी

लहान टप्पा. बाजीराव विहिरीपाशी रिंगण, मग वाखरी. सगळ्या पालख्या इथे एकत्र येतात. देहूहून तुकोबा, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ, पैठणहून नाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई. आणि पंढरपुरातून नामदेवांची पालखी सगळ्यांना न्यायला येते. पाहुणे आले की यजमानाने वेशीपर्यंत जावं, तसं. पायांना इतकी सूज होती की फार हिंडले नाही. आक्कांनी खोबरेल चोळून दिलं. धाकट्याचं काय झालं, असं मी त्यांना विचारलं. “सांगितलंय की. आता त्याचं त्यो बघंल. दोघांनी कशाला काळजी करायची?”

दिवस नववा : पंढरपूर

पदस्पर्श दर्शनाची रांग गावाबाहेर गेली होती. वीस तासांच्या वर लागतील, असं स्वयंसेवक सांगत होते. माझी रजा एकादशीपर्यंतच. मी आक्कांकडे पाहिलं. त्या चंद्रभागेच्या वाळवंटातून आलेल्या, ओलं लुगडं पिळत उभ्या होत्या. “मी सोळा वाऱ्या केल्या, आषाढीला आत तीनदा गेले. कळस दिसला ना? झालं. त्याला दिसतंय आपण आल्याली.”

आम्ही नामदेव पायरीशी गेलो. लोकांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी मागून घेतलेली जागा. तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखोबांना त्यांच्या जातीमुळे कधी आत सोडलं नाही. हे मंदिर त्यांच्या समाजाला खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना इथे प्राणांतिक उपोषण करावं लागलं. ज्या माणसाला दार बंद होतं, त्याने दाराबाहेर उभं राहून जन्मभर त्या देवाशी बोलणं चालू ठेवलं. मी समाधीवर डोकं टेकवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. मागचे लोक ढकलत होते.

मग कळसाकडे पाहून सासूबाईंचे टाळ दोनदा वाजवले. त्यांनी तसं सांगितलं होतं.

आक्कांचा निरोप एसटी स्टँडवर घेतला. त्या पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबणार होत्या. मी वाकले तर त्याच माझ्या पाया पडल्या. वारकऱ्यांत दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचं असतं. काय बोलावं सुचेना. त्या म्हणाल्या, “सोयाबीनला पाऊस माग. तुझंबी ऐकतो आता.”

घरी

येऊन तीन आठवडे झाले. सोमवारी साहेबांना जाऊन भेटले. गिरणीवाल्याचं सगळं सांगितलं आणि काउंटरवर बदली मागितली. तिमाही संपल्यावर बघू, म्हणाले. तोपर्यंत फोन चालूच आहेत. फोन लावण्याआधी मी डोळे मिटून एक नाव घेते आणि मग नंबर फिरवते. आवाज पूर्वीसारखा चढत नाही. पलीकडून दवाखाना, नापिकी असं काही कळलं तर लिहून घेते आणि हप्ते वाढवून मिळण्याचा अर्ज कसा करायचा ते सांगते. हे आधीही सांगता आलं असतं.

गिरणीवाला घरी आलाय, गिरणी त्याचा मुलगा बघतो, असं कळलं. मी अजून त्याच्या दारात गेलेले नाही. त्याबद्दल विठ्ठलाशी बोलणं चालू आहे.

तीनला कधीमधी जाग येते. परवाही आली. मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायले आणि अंधारातच ओट्याला टेकून त्याला ऑफिसचं सांगत होते, भावाचं सांगत होते. बार्शीकडे पाऊस झाला का, ते विचारत होते. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

“कोणाशी बोलतेस गं?”

“त्याच्याशी.”

थोडा वेळ काही नाही. मग खाट करकरली.

“माझ्या गुडघ्याचंही सांग.”